चार मिलिमीटरची नळी

ड्रॉइंगसाठी बनवलेल्या जपानी मेकॅनिकल पेन्सिलीचं टोक भिंगाखाली धरून पाहा. धातूचा शंकू निमुळता होत संपतो आणि तिथून एक पोलादी नळी सरळ बाहेर येते. लांबी साधारण चार मिलिमीटर. आतलं भोक इतकं बारीक, की अर्ध्या मिलिमीटरचं लेड जेमतेम सरकावं. शाळेच्या दप्तरातल्या साध्या पेन-पेन्सिलीला बहुधा अशी नळी नसते. तिचं टोक निमुळतं होत थेट लेडपाशी संपतं आणि ती दहा वेळा खाली पडली तरी चालते. ही मात्र एकदा जरी टोकावर पडली, तरी नळी वाकते, लेड अडकतं आणि पेन्सिल कामातून जाते. इतका नाजूक अवयव मुद्दाम सगळ्यात पुढे का ठेवला असेल?

कारण पट्टीला जाडी असते. टी-स्क्वेअर किंवा सेट स्क्वेअर कागदावर ठेवला, की त्याची वरची कड कागदापासून दोन-तीन मिलिमीटर उंचावर राहते. निमुळत्या टोकाची पेन्सिल त्या कडेला लावली, तर शंकूचा रुंद भाग वर अडतो आणि लेड पट्टीपासून दूर राहतं. किती दूर, ते त्या क्षणी हात किती कलला आहे त्यावर ठरतं. पट्टी तीन मिलिमीटर जाड असेल आणि हात पाच अंशांनी कलला, तर रेघ पाव मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते. बारीक पेन्सिलीची आख्खी रेघ जवळपास तेवढीच रुंद असते. नळीची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी असल्यामुळे ती कडेला चिकटून उभी राहते आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशीच जाते. शिवाय ती बारीक असल्याने रेघ नेमकी कुठून सुरू होते आणि कुठे थांबायला हवी, तो बिंदू डोळ्यांआड होत नाही. दोन रेघा कोपऱ्यात बरोबर भेटाव्यात आणि एकीनेही हद्द ओलांडू नये, यासाठी तो बिंदू दिसणं फार महत्त्वाचं.

जुन्या जपानी ड्राफ्टिंग पेन्सिली गोळा करणारी माणसं जगभर आहेत. त्यांना हे वेड का लागतं, याचं माझ्यापुरतं उत्तर या नळीत आहे. या पेन्सिलीवर शोभेसाठी असं जवळजवळ काहीच नसतं. जे जे विचित्र वाटतं, त्यामागे रेघ मारणाऱ्या माणसाची एखादी अडचण असते आणि कुणीतरी ती अतिशय मन लावून सोडवलेली असते.

बोटांच्या पकडीपाशी धातूवर बारीक चौकटींची जाळी कोरलेली असते. लेथवर काम केलेल्या कुणालाही ती पाहताच ओळखीची वाटेल. तेच ते नर्लिंग. फक्त इथे ते इतकं बारीक, की बोट सरकत नाही आणि सोलवटतही नाही. मे महिन्यात तळहाताला घाम असताना त्याचं मोल कळतं. धातूची पकड पुढच्या बाजूला आणल्याने पेन्सिलीचं वजनही टोकाकडे येतं. मग रेघ काळी उमटायला मनगटाने दाबावं लागत नाही, बरंचसं काम पेन्सिलीचं वजनच करतं. दिवसाचे आठ तास फळ्यावर वाकून काम करणाऱ्याच्या खांद्याला हा फरक जाणवतो. थोडं वर, क्लिपच्या आसपास, एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात 2H, H, F, HB, B अशी अक्षरं फिरवून आणता येतात. आत कोणतं लेड घातलं आहे, ते नुसत्या नजरेला सांगता येत नाही. सगळीच लेडं काळी दिसतात. टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या चार पेन्सिली असतील, तर 2H ची कोणती आणि HB ची कोणती, हे त्या खिडकीतूनच कळायचं.

आता आत जाऊ. शंकू उलटा फिरवून काढला, की पितळेचा एक इवलासा चक दिसतो. त्याला पुढून उभे काप देऊन तीन जबडे केलेले असतात आणि त्यांच्याभोवती एक सैल कडी असते. विश्रांतीच्या वेळी मागची स्प्रिंग चकला मागे ओढून धरते, त्यामुळे तो कडीत आवळला जातो आणि जबडे लेडला गच्च धरतात. मागचं बटण दाबलं, की चक, कडी आणि लेड तिन्ही मिळून पुढे सरकतात. थोडं अंतर गेल्यावर कडी शंकूच्या आतल्या पायरीवर अडते. चक मात्र आणखी किंचित पुढे जातो, कडीच्या बाहेर येतो आणि जबडे उघडतात. या क्षणी लेड कुणाच्याच पकडीत नसतं. ते मागे घसरू नये किंवा बाहेर पडू नये, म्हणून शंकूच्या आत रबराचा एक छोटा टिकला असतो. तो लेडला हलकेच अडवून ठेवतो. बटण सोडलं, की उघडे जबडे आधी मागे जातात, लेड रबराच्या आधाराने आहे तिथेच राहतं आणि मग कडी पुन्हा जबडे आवळते. एका ‘टिक्’मध्ये हे सगळं घडून जातं. सुटे भाग मोजले, तर दोन हातांच्या बोटांवर मावतील एवढेच. जर्मन स्टेडलरच्या नावाने जपानमध्ये बनलेल्या रेग 925 85 या पेन्सिलीत याच्याही पुढची सोय होती. एका ‘टिक्’सरशी किती लेड बाहेर यावं, ते कडं फिरवून कमी-जास्त करता यायचं. संग्राहक हिच्यामागे का धावतात, ते एकदा ते कडं फिरवून पाहिलं की कळतं.

पण ही सगळी करामत लेडशिवाय फुकट. खरा चमत्कार लेडमध्येच आहे.

1795 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र मळून भट्टीत भाजली. तिथून लाकडी पेन्सिलीचं आजचं लेड जन्माला आलं. माती जास्त घातली तर कठीण आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त घातलं तर मऊ आणि काळं. दोन मिलिमीटर जाडीला हे मिश्रण उत्तम चालतं. लाकूड आजूबाजूने आधार देतं, हा आणखी एक फायदा. पण तेच लेड बारीक करत न्यायचं म्हटलं, की भौतिकशास्त्र आडवं येतं. गोल काडीची वाकताना टिकून राहण्याची ताकद तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला, तर ताकद निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. दोन मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरवर आलो, तर ती चौसष्टाव्या हिश्शावर येते. मातीने बांधलेलं शेवईइतकं बारीक लेड कागदाला टेकताच मोडणार. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मेकॅनिकल पेन्सिली सव्वा मिलिमीटरच्या आसपास किंवा फार तर एक मिलिमीटरला थोडं कमी अशा जाड लेडवर चालायच्या. त्यांनी सही करता यायची, हिशेब लिहिता यायचा, पण आरेखन करायचं तर टोक पुन्हा पुन्हा घासावंच लागायचं.

हा पेच 1960 मध्ये जपानमध्ये सुटला. दाय-निहोन बुंगु नावाची कंपनी होती. 1946 मध्ये स्थापन झालेली, पुढे 1971 मध्ये पेंटेल हे नाव घेतलेली. त्यांनी माती काढूनच टाकली. ग्रॅफाइटमध्ये कृत्रिम राळ, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ मिसळला, त्याचे बारीक धागे ओढले आणि हवेचा संपर्क न होऊ देता प्रखर उष्णतेत भाजले. राळ जळून उडून जात नाही, तिचाच कोळसा होतो. म्हणजे ग्रॅफाइटचे कण आता कार्बनच्याच जाळ्याने एकमेकांना बांधले जातात. भाजताना राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांत नंतर तेल भरलं जातं आणि लेड कागदावरून गुळगुळीत सरकतं. यातून ताकद तर वाढलीच, पण रेघही जास्त काळी आली, कारण माती मुळात काळी नव्हती आणि इथे बांधणारा पदार्थच काळा आहे. सुरुवातीला एक मिलिमीटरच्या आतबाहेर असलेली जाडी काही वर्षांतच 0.5 वर आली, साठचं दशक संपायच्या आत 0.3 वर, आणि सत्तरच्या दशकात 0.2 वर. घनाचा तो नियम आठवा आणि मग 0.2 चा विचार करा. इतक्या बारीक लेडला टोक काढावंच लागत नाही, कारण लेडची जाडी हीच रेघेची जाडी. यांत्रिक पेन्सिल आरेखकाच्या फळ्यावर खऱ्या अर्थाने आली ती इथून.

तरीही जपानमधली ही कहाणी 1960 ला सुरू होत नाही. तिची सुरुवात तोक्यो शहरातल्या धातुकाम करणाऱ्या एका तरुणापासून झाली. तोकुजी हायाकावा, जन्म 1893. पोरवयातच तो एका धातुकारागिराकडे कामाला लागला. 1912 मध्ये त्याने भोकं न पाडता आवळता येणारं पट्ट्याचं बक्कल शोधलं आणि त्याच वर्षी स्वतःचा उद्योग सुरू केला. 1915 मध्ये मेकॅनिकल पेन्सिलीचे आतले भाग बनवायचं काम त्याच्याकडे आलं. तेव्हाच्या पेन्सिली सेल्युलॉइडच्या आणि तकलादू असायच्या. त्याने आतली यंत्रणा पितळेची केली आणि बाहेरचं कवच निकेलचा मुलामा दिलेल्या धातूचं. देशातल्या व्यापाऱ्यांना ती आवडली नाही. धातू हाताला थंड लागतो, किमोनोसोबत शोभत नाही, अशा तक्रारी आल्या. मागणी आली ती परदेशातून. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातला माल मिळेनासा झाला होता. परदेशात खपते म्हटल्यावर मग मायदेशीही खपायला लागली. पेन्सिलीचं नाव पुढे ‘एव्हर-रेडी शार्प’ पडलं.

1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारच्या जेवणाच्या वेळी कांतो भागात महाभयंकर भूकंप झाला आणि पाठोपाठ आगी भडकल्या. हायाकावाचा कारखाना गेला. बायको आणि दोन मुलंही गेली. कर्ज फेडण्यासाठी त्याला पेन्सिलीचं पेटंट ओसाकातल्या एका लेखनसाहित्याच्या कंपनीला द्यावं लागलं. तो स्वतः ओसाकाला गेला, धातुकामाचा नवा उद्योग उभा केला आणि 1925 मध्ये क्रिस्टल रेडिओ बनवला. त्याच कंपनीने 1970 मध्ये शार्प हे नाव घेतलं. आपल्याकडे कित्येक घरांत आणि दुकानांत ज्या नावाचे टेपरेकॉर्डर आणि कॅल्क्युलेटर होते, ते नाव एका पेन्सिलीवरून आलेलं आहे. ती पेन्सिल शोधणाऱ्याच्या हातून भूकंपाने हिरावून घेतली होती, हे कळलं तेव्हा मला शार्पचा जुना कॅल्क्युलेटर बराच वेळ खाली ठेवता आला नव्हता.

जाड्यांच्या त्या आकड्यांतही एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. 0.3, 0.5, 0.7 हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले वाटतात. पण आरेखनाच्या शाईच्या पेनांची आंतरराष्ट्रीय मालिका बघा: 0.25, 0.35, 0.5, 0.7, 1.0. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या साधारण 1.41 पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतका मोठा. A4, A3, A2 या कागदांच्या बाजूही एकमेकींशी याच प्रमाणात वाढतात. त्यामुळे A3 वरचा नकाशा मोठा करून A2 वर घेतला, की 0.35 ची रेघ आपोआप 0.5 ची होते, 0.5 ची 0.7 ची होते, आणि मोठ्या केलेल्या नकाशावर प्रमाणित जाडीच्या पेनाने दुरुस्ती केली तरी ठिगळ दिसत नाही. पेन्सिलीचे आकडे याच मालिकेच्या शेजारी बसवलेले. गंमत म्हणजे 0.3 चं लेड प्रत्यक्षात 0.38 मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि 0.5 चं 0.56 च्या आसपास. मायक्रोमीटर असेल तर घरी मोजून बघता येतं.

जाडी चटकन ओळखता यावी म्हणून रंग ठरले. पेंटेलच्या पी-200 मालिकेत 0.3 ची पेन्सिल तपकिरी, 0.5 ची काळी, 0.7 ची निळी, 0.9 ची पिवळी. बाहेरच्या रेघा जाड, मापाच्या रेघा बारीक, आतल्या लपलेल्या भागाच्या रेघा तुटक. आरेखकाचा हात आकडा न बघता निळीकडून तपकिरीकडे जायचा. आपल्याकडच्या बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यांच्या कचेऱ्यांत आरेखक आणि अनुरेखक अशी पदंच होती. ट्रेसिंगवर काढलेल्या नकाशाच्या अमोनिया प्रिंट निघायच्या आणि मूळ रेघ फिकी असेल, तर प्रिंटवर ती उमटायचीच नाही. सारखी काळी, सारखी जाड रेघ ही तिथे रोजची गरज होती.

या मालिकेतली पी-205 ही माझी सगळ्यात लाडकी. तिचं सगळं अंग प्लॅस्टिकचं. धातूची पकड नाही, अक्षरांची खिडकी नाही, किंमत कमी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ती जवळपास त्याच रूपात बनते आहे. पण आतला चक पितळेचा आहे आणि टोकाला ती नळी आहे. जड, चकचकीत, दुर्मीळ पेन्सिलींच्या मागे लागणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, आधी हिच्याने एक आठवडा लिहा. काय काय काढून टाकलं तरी पेन्सिल उत्तम राहते, हे या एका पेन्सिलीने मला जेवढं शिकवलं, तेवढं महागड्या पेन्सिलींनी नाही.

महागड्याही अर्थात सुंदर आहेत. 1986 मध्ये आलेली पेंटेलची ग्राफ 1000 घ्या. काळसर, मंद रंगाची, धातूच्या पकडीत रबराचे बारीक ठिपके बसवलेली. बोटाला धातूचा थंडावा आणि रबराची पकड, दोन्ही एकदम मिळतात. ती 0.4 मध्येही मिळते, आणि 0.4 हे माप जपानबाहेर फारसं कुणी वापरत नाही. 0.3 मोडतं आणि 0.5 जाड वाटतं, अशी तक्रार करणाऱ्या माणसांसाठी वेगळं लेड, वेगळी नळी, वेगळा चक बनवायची तयारी त्या देशाने दाखवली. अमेरिकी अल्विन कंपनीची ड्राफ्ट-मॅटिक किंवा स्टेडलरची 925 मालिका हाताशी आली, तर अंगावर बारीक अक्षरांत ‘जपान’ कोरलेलं सापडतं. नाव कुणाचंही असलं तरी लेथ तिथली. नावांवरून आठवलं: जुन्या पेन्सिलींवर मित्सुबिशी आणि तीन हिऱ्यांची खूण दिसली की अनेकांना मोटारी बनवणारी कंपनी आठवते. मित्सुबिशी पेन्सिलचा त्या उद्योगसमूहाशी संबंध नाही. तिने आपली खूण 1903 मध्ये नोंदवली, समूहाने त्याच्याही नंतर.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट लक्षात येते. ऑटोकॅड 1982 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलं. ग्राफ 1000 त्यानंतर चार वर्षांनी. कागदावरचं आरेखन माउसकडे जायला निघालं होतं, तेव्हाच पेन्सिल तिच्या सर्वोत्तम रूपाला पोचत होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आरेखनाचे फळे हळूहळू कचेऱ्यांतून गेले आणि कितीतरी नमुने बनायचे बंद झाले. जपानमधल्या छोट्या गावांतली लेखनसाहित्याची दुकानं आजही बंद होतात, तेव्हा खणांतून न विकलेला माल निघतो. संग्राहकांचा बराचसा माल असाच येतो. कागदी वेष्टणातला, कधीच न वापरलेला, चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीची चिठ्ठी चिकटवलेला.

काही नमुने मात्र गेलेच नाहीत. ग्राफ 1000 अजून बनते. आणि आरेखकाची एक जुनी सवय तर 2008 मध्ये चक्क यंत्रात उतरली. जाड लेडने लांब रेघ ओढताना आरेखक पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवायचा. त्यामुळे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ शेवटपर्यंत तेवढीच बारीक राहते. मित्सुबिशी पेन्सिलच्या कुरु तोगामध्ये लेड स्वतःच फिरतं. कागदावर टेकवून उचललं, की आतली चाकं ते नऊ अंशांनी पुढे नेतात. चाळीस वेळा टेकवलं की एक फेरा पूर्ण. चित्रलिपीसारख्या सुट्या-सुट्या फटकाऱ्यांनी लिहिणाऱ्या जपानी हाताला हे फारच सोयीचं. देवनागरी लिहितानाही हात पुष्कळदा उचलला जातो, त्यामुळे आपल्याकडेही ती छान फिरते.

जुनी पेन्सिल घ्यायची झाली, तर चकाकीपेक्षा चार गोष्टी बघाव्यात. पहिली ती नळी. डोळ्यासमोर धरून पेन्सिल फिरवा, नळी गोल फिरताना डुलली तर ती वाकलेली आहे. ती सरळ करायला जाऊ नका, पकडीने दाबताच भोक चपटं होतं आणि मग लेड कधीच जात नाही. दुसरा रबराचा टिकला. वर्षानुवर्षांनी तो कडक होतो किंवा चिकट होतो. लेड आपोआप मागे जात असेल, तर दोष बहुतेक वेळा त्याचाच असतो. तिसरा पितळी चक. हिरवा गंज दिसला तर घाबरू नये. कोमट पाणी, मऊ ब्रश आणि धीर यांनी तो बराच जातो. जबड्यांत साठलेली ग्रॅफाइटची पूडही त्याच वेळी निघते आणि ‘टिक्’चा आवाज लगेच बदलतो. चौथी गोष्ट म्हणजे मागची टोपी आणि तिच्याखालचं खोडरबर. जुन्या खोडरबराच्या बुडाला पुष्कळदा एक बारीक तार असते. ती नळीत पुढून घालून अडकलेला तुकडा मागे ढकलायचा असतो. ती तार जागेवर असेल, तर पेन्सिल पूर्ण आहे.

रबराच्या मऊ पकडी असलेले जुने नमुने शक्यतो टाळा. ते हवेनेच चिकट होतात आणि त्याला इलाज नाही. धातूची पकड आणि साधं प्लॅस्टिकचं अंग असलेली पेन्सिल घ्या, त्यात 0.5 चं नवं HB घाला, दोनदा टिक् करा आणि जाड पोलादी पट्टीच्या कडेने एक लांब रेघ ओढा. मग तीच रेघ शाळेच्या पेन-पेन्सिलीने तिच्याशेजारी ओढून दोन्ही भिंगाखाली बघा.